झाकणाची शेगडी

‘केटल’ हा शब्द मोठा फसवा आहे. तो कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चहाची किटली उभी राहते. तिला तोटी असते, कान असतो आणि तिच्या मागोमाग कपबशा वाजत येतात. मी जुन्या केटल जमवतो असे एकदा पुण्याच्या मावसभावाला कळवले, तर त्याने इकडे येणाऱ्या कोणाबरोबर एक नक्षीदार पितळी किटली मोठ्या अगत्याने धाडून दिली. ती आमच्या दिवाणखान्यात मानाने बसली आहे. तिच्याकडे पाहून कोणी ‘छंद वाटतं?’ असे विचारले, की आमची सौ. चटकन सांगते, ‘हा नव्हे. तो गॅरेजमध्ये आहे.’ एवढे बोलून ती जो सुस्कारा सोडते, त्यात पाव शतकाहून अधिक काळाचा संसार येतो.

ही केटल म्हणजे कोळशाची शेगडी. पण आपल्याकडची नव्हे. एक मोठी लोखंडी कढई तीन पायांवर उभी करावी, तिच्यात कोळसे घालावेत, कोळशांच्या वर जाळी बसवावी आणि तेवढीच दुसरी कढई पालथी घालून तिचे झाकण करावे, म्हणजे जे ध्यान दिसेल ते ही केटल. नेहमीचे माप साडेबावीस इंच व्यासाचे. साडेअठरा इंचांची एक धाकटी बहीणही असते. खालच्या कढईच्या बुडाला वारा आत घेणारी भोके, झाकणाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी भोके आणि दोन्हीकडे उघडझाप करायला पत्र्याच्या झडपा. लाकडाच्या मुठी, दोन चाके आणि राख झेलायला खाली एक ताटली. संपले. यात यंत्र नाही, वीज नाही, बिघडण्यासारखे काही नाही. आपल्याकडे परसात तुळशीवृंदावन असावे, तशी इकडच्या घरांमागे ही वस्तू उभी असते.

तिची जन्मकथा मला आवडते, कारण ती आमच्याच पंचक्रोशीत घडली. शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाचा पत्राकामाचा कारखाना होता. मिशिगन सरोवरात बोटींना वाट दाखवणारे पोकळ गोळे तरंगत सोडलेले असतात. त्यांचे अर्धगोल तिथे तयार होत. जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ त्या कारखान्यात काम करी. त्याला घरामागे मांस भाजण्याची हौस होती आणि त्या काळच्या उघड्या, पसरट शेगड्यांचा भारी राग होता. वारा सुटला की राख ताटात आणि पाऊस आला की पाहुणे घरात! १९५२ साली त्याने त्या गोळ्याचा एक अर्धा भाग घेऊन त्याला तीन पाय लावले आणि दुसऱ्या अर्ध्याला मूठ लावून झाकण केले. सांगतात ते असे, की पहिल्या दिवशी झाकण घातल्याबरोबर विस्तव गुदमरून विझला. तेव्हा कुंपणापलीकडून शेजाऱ्याने त्याला भोके पाडण्याचा सल्ला दिला. शेजाऱ्यांचे सल्ले इतके फळल्याची उदाहरणे थोडी. पुढे स्टीफन गावोगावच्या दुकानांपुढे स्वतः रांधून दाखवीत हिंडला आणि या शेगडीचा वेगळा धंदा उभा राहिला. १९५७ साली रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला, तेव्हा या पाय फुटलेल्या गोळ्यालाही लोक थट्टेने तेच नाव ठेवू लागले. १९९३ साली स्टीफन वारला. त्याने काढलेला घाट मात्र अजून जवळजवळ तसाच आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे झाकण आणि परवा घेतलेले झाकण शेजारी शेजारी ठेवले, तर जाणत्यालाही जवळ जाऊन पाहावे लागते.

कोळशाची कथाही अशीच आडवळणाची आहे. १९२० च्या दशकात मोटारींना लाकूड बरेच लागे. हेन्री फोर्डची मिशिगन राज्यात आयर्न माउंटन या गावी लाकडाची गिरणी होती. तिथे उरणारे तुकडे आणि भुसा वाया जाताना त्या काटकसरी माणसाला बघवेना. त्याने त्याचा कोळसा करवला, तो कुटून, पिठाच्या खळीत बांधून त्याच्या वड्या पाडल्या आणि त्या मोटारींच्या दुकानांतून विकायला ठेवल्या! १९५१ साली तो धंदा दुसऱ्यांनी घेतला आणि त्याला किंग्सफर्ड हे नाव दिले. आजही इकडे कोळशाच्या पोत्यांवर तेच नाव असते. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या जळगावच्या घराची मागची पायरी आठवली. तिथे आजी कोळशाच्या भुकटीत शेण-माती कालवून गोळे थापी आणि उन्हात वाळत घाली. फोर्डच्या आधी की नंतर, ते तिला कोणी विचारले नाही.

झाकणाचे मर्म मात्र मला वापरल्याखेरीज कळले नाही. झाकण घातले म्हणजे निखाऱ्यांना आपण देऊ तेवढाच वारा मिळतो. त्यामुळे चरबी किंवा तेल ठिबकले तरी ज्वाळा भडकत नाहीत, आणि वरच्या घुमटावरून उष्णता परत खाली येत असल्यामुळे जिन्नस चहूबाजूंनी भाजला जातो. खालची झडप दोन बोटे सरकवली की आच वाढते, एक बोट लोटली की उतरते. सगळ्यांत मला भावते ते हे, की काम झाल्यावर वरच्या-खालच्या झडपा लावून टाकल्या की निखारे गुपचूप विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामास येतो. आपल्या आया निखाऱ्यांवर पाणी शिंपडीत, मग तो भिजका कोळसा वाळवीत आणि पुन्हा पेटवताना त्याच्या धुराने डोळे चोळीत. एका झाकणाने केवढा ताप वाचला असता! गॅसच्या शेगडीबद्दल मी इथे काही लिहीत नाही. ती स्वयंपाकघरातली वस्तू आहे, चुकून अंगणात आली आहे, एवढेच माझे मत.

माझी पहिली केटल मला रस्त्यावर मिळाली. आमच्या गावात मंगळवारी कचऱ्याची गाडी येते आणि आदल्या संध्याकाळी लोक नको असलेल्या मोठ्या वस्तू फुटपाथच्या कडेला आणून ठेवतात. १९९७ च्या जूनमध्ये अशाच एका सोमवारी फिरायला गेलो असताना ती मला दिसली. तिचा एक पाय नाहीसा झाला होता. ती कुंपणाला टेकून, लंगड्या भिकाऱ्यासारखी उभी होती. मी घरी जाऊन मोटार घेऊन आलो.

‘अहो, हे काय उचलून आणलंत?’ सौ. दारातच म्हणाली.

‘चांगली वस्तू आहे गं. फक्त एक पाय नाही.’

‘आणि अंगावर लोकांनी खाल्लेलं सगळं आहे, त्याचं काय?’

तिचे म्हणणे खरे होते. जुन्या केटलच्या अंगावर तिच्या मालकाची चाळीस वर्षांची जेवणे थरांनी बसलेली असतात. झाकण उघडले की आतून काळे पापुद्रे लोंबताना दिसतात आणि पाहणारा म्हणतो, रंग सुटला. पण आतून या शेगडीला सुटण्यासारखा रंग मुळी नसतोच. ते पापुद्रे म्हणजे धूर आणि चरबी जळून झालेली काजळी. ती आपली वाळून सुटते. हाताने नाही तर चुरगाळलेल्या कागदाने पुसावी. या एका गैरसमजापायी इकडे किती चांगल्या केटल कचऱ्यात गेल्या असतील! माझ्या निम्म्या त्याच वाटेने आल्या आहेत.

काजळीखाली असते ते एनॅमल. आपल्या लहानपणची एनॅमलची टमरेले आठवा: बाहेरून निळी, आतून पांढरी, आणि जिथे आपटली तिथे टवका उडून काळी. तेच हे. एनॅमल म्हणजे काच. काचेची पूड लोखंडी पत्र्यावर फवारून सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजली, की ती वितळून पत्र्याशी एकजीव होते. मग तिला ना ऊन बाधत, ना पाऊस, ना विस्तव. बाधतो तो फक्त आघात. टवका उडाला की तो भरून काढता येत नाही. भोवतालचा गंज घासावा, उष्णतेला टिकेल असा काळा रंग लावावा आणि गंजाला तिथेच थोपवावे, इतकेच आपल्या हाती. म्हणून केटल साफ करणाऱ्याला लोखंडी खरवडणी उगारता येत नाही. कोमट पाणी, साबण, धारेची पात अगदी आडवी धरून आणि अत्यंत बारीक पोलादी लोकर, हीच त्याची आयुधे. एका झाकणाला मला तीन संध्याकाळी लागतात. सौ. म्हणते, घरातली एक कढई कधी अशी घासली नाहीत. त्यावर उत्तर नाही.

राख हा दुसरा शत्रू. कोरडी राख निरुपद्रवी. पण पावसाने ती भिजली की तिच्यातून क्षार सुटतो आणि बुडाशी असलेल्या ॲल्युमिनियमच्या झडपा तो हळूहळू खाऊन टाकतो. जुन्या केटलना अशा तीन वेगवेगळ्या झडपा असत, फुलाच्या पाकळ्यांसारख्या कातलेल्या. पुढे १९८५ पासून एकाच दांड्याने तिन्ही भोके उघडणारी आणि राखही झाडणारी सोय निघाली. ती सोयीची खरी, पण मला ती जुनी फुले आवडतात. ती स्वच्छ करायला इकडे एक पांढरी पूड मिळते. इंडियानापोलिस शहरी १८८२ साली एका औषधविक्याच्या ध्यानात आले म्हणे, की रूबार्ब नावाची आंबट भाजी शिजवली की भांडे आतून लख्ख होते. त्या आंबटपणातले ऑक्झॅलिक आम्ल घेऊन त्याने ही पूड केली. आमच्या आईने तो डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘चिंच नाही का मिळत इथे?’

आता आईबद्दल लिहायला हवे.

ती २००४ च्या जुलैत सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तोपर्यंत माझ्याकडे चार केटल झाल्या होत्या आणि खांदेशी माणसाला जे सुचायचे ते मला सुचले होते. वांगे भाजायला याहून चांगले साधन नाही! आमच्याकडे भरिताची वांगी मोठी, फिक्या हिरव्या रंगाची, पांढऱ्या रेघांची, बिया जवळजवळ नाहीत अशी. ती शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर भाजतात. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचतात, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. इकडची वांगी काळीजांभळी आणि जाड कातडीची. तरी केटलमध्ये निखाऱ्यांवर अर्धा तास झाकून ठेवली की निम्मे तरी जळगाव हाताला लागते. आईला ते करून घालावे अशी माझी फार इच्छा होती.

पण आई चातुर्मास पाळणारी. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत तिला वांगे वर्ज्य, कांदा वर्ज्य. आणि इकडे शेगड्या पेटतात त्या मे अखेरपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत, म्हणजे बहुतेक सगळ्या चातुर्मासातच! त्यात त्या वर्षी अधिक श्रावण आलेला, त्यामुळे चार महिन्यांचे पाच झाले. सारा उन्हाळा आम्ही मक्याची कणसे भाजली. तीही ती खाईना. गॅसवर भाजून दिलेले कणीस घेई, अंगणातले नको म्हणे. कारण मी विचारले नाही, पण ते मला ठाऊक होते. एके दिवशी मी झाकण घाशीत असताना ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि हळूच म्हणाली,

‘यात काय काय शिजलं असेल रे?’

‘सगळंच.’

‘सगळंच म्हणजे?’

मी घाशीत राहिलो. ती काय ते समजली. जरा वेळाने तिने आपले शास्त्र सांगितले. मातीचे भांडे बाटले तर फोडून टाकायचे. धातूचे असले तर अग्नीतून काढायचे. काचेचे नुसते धुतले तरी चालते.

‘मग हे कशाचं?’ तिने विचारले.

‘लोखंडाचं. वरून काच.’

हा पेच तिच्या शास्त्रात नव्हता. मी अभियंता असल्यामुळे मला वाटले, की ८०० अंशांच्या भट्टीचा दाखला दिला म्हणजे काम भागेल. तो मी दिलाही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘ते शिजण्याच्या आधी भाजलं ना? मग काय उपयोग?’ या मुद्द्याला तोड नव्हती. पुढे दोन दिवस तिने तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ती आली ती निर्णय घेऊनच. केटल रिकामी असताना भरपूर कोळसे घालून एकदा आतून-बाहेरून धगधगून घ्यायची. तेवढ्याने लोखंड शुद्ध. मग चिंचेच्या पाण्याने धुवायची. तेवढ्याने काच शुद्ध. आणि जाळी मात्र नवी आणायची. ‘जाळीवर प्रत्यक्ष ठेवतात, म्हणून.’ न्यायाधीशानेही असा निवाडा दिला नसता. जाळी नाही तरी गंजून गेलीच होती.

तोवर हिवाळा उंबऱ्याशी आला. कार्तिकी एकादशी होऊन गेल्यावरही आई वांग्याला हात लावीना. आमच्या घरात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच वांगे सुरू होते. त्या वर्षी चंपाषष्ठी आली डिसेंबरच्या मध्याला. शिकागोचा डिसेंबर ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. अंगणातले गवत गोठून बुटाखाली करकर वाजत होते. सौ.चे म्हणणे, गॅरेजमध्ये पेटवा. पण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि बंद जागेत तो माणूस मारतो. तिथे मी कोणाचेही ऐकत नाही. तेव्हा केटल अंगणातच पेटली. तीन पायांची तीच पहिली. तिसरा पाय मी एका जुन्या पंख्याच्या नळीतून कापून बसवला होता. आईने नऊवारीवर माझा ओव्हरकोट चढवला, डोक्याला मफलर गुंडाळला आणि ‘तू आत जा, तुला कळायचं नाही’ असे सौ.ला सांगून ती माझ्या शेजारी उभी राहिली.

वांगी तिने स्वतः निवडली होती आणि त्यांना नावेही ठेवली होती. जाळावर मी हिकरीच्या लाकडाच्या चार ढलप्या टाकल्या. धूर येताच तिने नाक वर केले. ‘परका आहे,’ ती म्हणाली, ‘पण वाईट नाही.’ थंडीत झाकणाखालची आच राखणे सोपे नसते. मी झडपांशी खटपट करीत होतो आणि ती उष्णतामापकाकडे ढुंकूनही न पाहता झाकणावर तळहात धरून ‘अजून नाही, अजून नाही’ म्हणत होती. मग एकदम म्हणाली, ‘काढ.’ वांगी आतून खिरीसारखी झाली होती. बाजरीचे पीठ तिने जळगावहून येतानाच आणून ठेवले होते; त्याचे रोडगे तिने घरातच केले. नैवेद्य दाखवून झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि काही बोलली नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतले तेव्हा म्हणाली, ‘तेल कमी पडलं.’ ती जानेवारीत परत गेली. त्यानंतर तिचे येणे झाले नाही.

चारांच्या अकरा कशा झाल्या ते विस्ताराने सांगत नाही. व्यसनांचा इतिहास सगळीकडे एकच असतो. केटलचे वय ओळखणे हे या छंदातले खरे मद्य. १९७९ च्या सुमारापासून झाकणाच्या झडपेवर सालासाठी अक्षर ठोकू लागले, ते वाचले की झाले. त्यापूर्वीच्या केटलची जन्मपत्रिका मात्र तिच्या अंगावरूनच काढावी लागते. पायांचे टोक कसे आहे, मूठ लाकडाची की नंतर निघालेल्या प्लास्टिकची, झडपेच्या भोकांचा आकार काय, चाके कोणती. एखाद्या झाकणाखाली भलतीच कढई निघते, कारण मधल्या चाळीस वर्षांत कोणी तरी शेजाऱ्याशी अदलाबदल केलेली असते. यातले दर्दी लोक मोठे कडवे असतात. माझ्या ओळखीचा एक नळकाम करणारा गृहस्थ मूळ चाके मिळेनात म्हणून एक केटल सहा वर्षे बिनचाकांची ठेवून आहे. रंगांचीही चढाओढ असते. काळी सगळ्यांकडे, लाल, हिरवी, निळी थोड्यांकडे, पिवळी दिसली की माणसे रात्रीतून दोनशे मैल मोटार हाकतात. मी त्यांतला नव्हे. चकचकीत करून फडक्याखाली झाकून ठेवलेली केटल मला कधीच न वाचलेल्या पोथीसारखी वाटते. माझ्या अकराही जणी वर्षातून निदान एकदा पेटतात.

त्यांतल्या एकीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१३ च्या शरदात शेजारच्या गावी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातले सामान विकायला काढले होते. परसात सफरचंदाच्या झाडाखाली एक केटल होती. झाडाचा चीक, शेवाळ आणि धूर मिळून तिचा रंग शेणासारखा झाला होता. बाई म्हणाल्या, ‘माझा नवरा गेल्यापासून पेटली नाही. सहा वर्षं झाली. तशीच न्या.’ मी पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत, पण एक अट घातली. साफ झाली की एकदा आणून दाखवायची.

झाकण घासायला लागलो आणि पहिल्याच संध्याकाळी शेवाळाखालून लाल रंग वर आला. पिकल्या मिरचीसारखा लाल. एक टवका नव्हता! मुठी तडकल्या होत्या. माझ्याजवळ त्याच जातीच्या जुन्या, चांगल्या मुठी होत्या, पण मी त्या लावल्या नाहीत. झाकणाच्या मुठीवर एका बाजूला लाकूड गुळगुळीत झिजून खळगा पडला होता. तो डाव्या हाताचा होता. तिथे भेगेत राळ भरून, खालून स्क्रू घालून मूळ मूठच घट्ट केली.

केटल मोटारीतून उतरवली तेव्हा बाई काठी टेकत पायरीवर आल्या आणि पाहतच राहिल्या. ‘ही आमची नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘आमची काळी होती.’ मी मूठ दाखवली. त्यांनी हात ठेवून पाहिला. त्यांचा उजवा हात त्या खळग्यात बसेना. मग एकाएकी त्या हसू लागल्या. ‘अहो, लालच होती! मीच लाल घ्यायला लावली होती. त्याला काळी हवी होती. दुकानात आमचं भांडण झालं. घरी येईपर्यंत तो मोटारीत एक शब्द बोलला नाही. आणि मग तीस वर्षं त्यानं ती एकदासुद्धा धुतली नाही!’ हसता हसता त्यांना खोकला आला, मी पाणी आणून दिले. ती पुन्हा त्यांच्याकडे ठेवावी असे माझ्या मनात आले होते. पण त्या पुढच्या महिन्यात वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होत्या आणि तिथे मेणबत्ती लावायचीही परवानगी नव्हती. त्या दिवशी परसातच केटल पेटवली. भाजायला त्यांच्या घरात दोन सफरचंदांखेरीज काही नव्हते, तीच भाजली.

यंदा आमचीही आवराआवर चालली आहे. गुडघे जिना मानीत नाहीत, बर्फ उपसणे जमत नाही, म्हणून लिफ्ट असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतले आहे. तिथे बाल्कनीत कोळसा पेटवायला मनाई आहे. नियम योग्यच आहे. मी त्या इमारतीचा चालक असतो तर मीही तोच केला असता. तेव्हा या वर्षी अकरांची पाठवणी करायची होती. सहा तर छंदातल्या मंडळींनीच नेल्या, त्यांतली एक त्या नळकाम करणाऱ्याने, केवळ चाकांसाठी. दोन आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या तरुण जोडप्यांना दिल्या, वांगे कसे भाजायचे ते कागदावर लिहून. एक मुलीने नेली. ती गॅसवाली आहे, पण मला बरे वाटावे म्हणून नेली हे मला कळते. लाल केटल रस्त्यापलीकडच्या मेक्सिकन शेजाऱ्याला दिली. तो डावखुरा आहे. मूठ हातात धरताच तो म्हणाला, ‘ही छान बसते.’ बाकी काही मी त्याला सांगितले नाही.

राहिली ती पहिली, पंख्याच्या नळीच्या पायाची. तिला बाजारात किंमत नाही, रंगाने काळी, वयाने मधली, दर्दी माणसाने ढुंकूनही पाहू नये अशी. ती फुटपाथच्या कडेला नेऊन ठेवायला माझा हात होईना. मग एका संध्याकाळी टेप घेऊन बसलो. विमान कंपन्या पेटीची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ६२ इंच मोजतात आणि २३ किलो वजन देतात. मुठी आणि पाय सोडवले, झाकण उलटे करून कढईत बसवले, तर ६२ इंचांच्या खोक्यात ती कशीबशी मावते! जळगावला धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘दादा, इथे पऱ्हाट्यांचे ढीग पडलेत. तू कोळशाची शेगडी कशाला आणतोयस?’ मी म्हटले, ‘पऱ्हाट्या तिच्यातच पेटवू. झाकण आहे तिला.’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘आण मग. चंपाषष्ठीच्या आत ये.’

खोके सध्या जेवणघरात उघडे पडले आहे. काल सौ. बदाम-पिस्त्यांच्या पिशव्या घेऊन त्याच्याभोवती फिरत होती.

‘अहो, हे सगळं मी कुठे ठेवू? दुसरी पेटी भरली.’

‘कढईत जागा आहे की.’

तिने खोक्यात वाकून पाहिले, बोटाने कढईचा तळ पुसला आणि बोट उजेडात धरले.

‘नीट धुतलीत ना?’

‘चिंचेनं,’ मी म्हटले, आणि तिने पहिली पिशवी आत ठेवली.